टँगो आणि सरत्याचा दोर

वैभवीला न सांगता समजतं, अशी रिठदमध्ये तिची ख्याती होती. आता ही ख्याती काही पेपरात छापून यायची नाही, पण गावात तिला वजन असतं. तिचा बाप इंद्रभान वावरातून आला आणि चप्पल काढायला ओसरीच्या पायरीशी वाकला, की वैभवीच्या हातात पाण्याचा तांब्या तयार. तो एकदा खाकरला की चहा. दोनदा खाकरला की मोबाइलचा चार्जर. त्याने नुसतं भिंतीकडे पाहिलं की खुंटीवरचा टॉवेल. इंद्रभान मुळातच मोजकं बोलणारा माणूस, आणि घरात अशी पोरगी असल्यावर त्याला बोलायचं कारणच उरलं नव्हतं. "मले तोंड उघडाचं काम नाही पडत," असं तो चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगायचा. शेजारच्या बाया आपापल्या पोरींना वैभवीचा दाखला देत, आणि त्या पोरी तिचं नाव निघालं की नाकं मुरडत.

तर अशी ही सगळं आधीच ओळखणारी मुलगी रोज एस.टी.ने वाशिमला कॉलेजात जायची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिथे तिला टँगो काही केल्या जमत नव्हता.

वाशिममध्ये टँगो कुठून आला, असं विचाराल तर तो खेमा मॅडमबरोबर आला. खेमा मॅडम तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायच्या. पुण्याला शिकत असताना त्या दर शनिवारी हा नाच शिकायला जात आणि घरी लायब्ररीत जाते म्हणून सांगत. हे त्यांनी स्वतःच वर्गात सांगून टाकलं होतं. ऑगस्टमध्ये एकदा त्या गुरुत्वमध्य शिकवत होत्या. दोन माणसं एकमेकांवर किंचित भार देऊन उभी राहिली तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य कुठे पडेल, असं त्यांनी विचारलं. वैभवीने उत्तर दिलं. मॅडमनी तिला पुढे बोलावलं, समोर उभं केलं, तिचा एक हात आपल्या खांद्यावर ठेवला, दुसरा आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "डोळे मीट."

वैभवीने डोळे मिटले. पुढे काय झालं ते तिला आजही धड सांगता येत नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी ढकललं नाही, ओढलं नाही, आणि तरी वैभवीचा उजवा पाय आपोआप मागे गेला. मग डावा. मग उजवा. मग डावा. चार पावलं. पाचव्या पावलाला ती अशी अडखळली की फळ्याखालचा डस्टर तिच्या टाचेखाली आला. वर्ग हसला. वैभवी मात्र हसली नाही. माझ्या पायांना कोणी सांगितलं, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात बसला. दिवसभर तो तिथून हलला नाही, आणि रिठदचं वळण मागे पडून एस.टी. पुढे निघाली तेव्हा कंडक्टरला घंटी मारून ती थांबवावी लागली.

मग मॅडमनी टँगोच्या वर्गासाठी प्राचार्यांना गाठलं. स्नेहसंमेलनात काहीतरी नवीन असावं म्हणून प्राचार्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. फक्त मुली, मंगळवार-गुरुवार-शनिवार तीन ते साडेचार, खेळाच्या खोलीत, दार उघडं ठेवून, आणि दारात शिपाई. शिपायाचं नाव भागवत. तो दारात स्टुलावर बसून पोरांना हाकलायचा आणि स्वतः मात्र डोळे भरून पाहायचा. पहिल्याच दिवशी त्याने आपलं मत देऊन टाकलं, "मॅडम, हे लेझमीपेक्षा लयच हळू हाये."

"हळूच असतं ते भागवतभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"मंग अवघड असनार," भागवत म्हणाला, आणि तो खरं बोलला.

आठ मुली, चार जोड्या. मुली-मुली कशा नाचणार म्हणून कोणी कुरकुर केली, तर मॅडम म्हणाल्या, जिथे हा नाच सुरू झाला तिथे पुरुष आधी पुरुषांबरोबरच सराव करायचे, त्यात काय एवढं. वैभवीची जोडी यूसराशी लागली. यूसरा वाशिमचीच, गफ्फारचाचा टेलरची मुलगी, वैभवीपेक्षा चार बोटं उंच आणि बोलायला फटकळ. उंच म्हणून तिने पुढे न्यायचं आणि वैभवीने मागे जायचं, असं ठरलं. लेझीमसारखी इथे गिनती नव्हती. नेणारीने मनात ठरवायचं, आणि जाणारीने ते अंगाने ओळखायचं, हाच सगळा खेळ. वैभवीला वाटलं, ओळखणं तर आपल्या घरचं काम आहे.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

यूसराने खांदा जरा हलवला की वैभवी निघालीच. यूसरा उजवीकडे जावं का असा विचार करतेय तोवर वैभवी उजवीकडे पोहोचून तिची वाट पाहायची. चपला नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर दोघींची बोटं शिल्लक राहिली नसती. महिनाभर हेच चाललं. बाकीच्या तीन जोड्या हळूहळू सुधारत गेल्या, या दोघी मात्र दर वेळी टेबल टेनिसच्या टेबलाला जाऊन धडकायच्या.

"तू नाचून नाही राह्यली," यूसरा एक दिवस कपाळाचा घाम पुसत म्हणाली. "तू पयले जाऊन पोहोचून राह्यली."

"मले समजलं ना, तुले कुठी जायचं ते."

"पन मी अजून गेलीच नाही, यार. माह्या मनात आलं न आलं का तू तथी हाजर. मंग मी कायले पाह्यजे? तू अन् तुई सावली नाचा."

वैभवीला ते लागलं. तिने मग अभ्यासू पोरीने करावं तेच केलं. मोबाइलवर टँगोचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले, आणि फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर तक्ता आखला. नेणाऱ्याचा डावा खांदा खाली गेला तर काय होतं, श्वास भरला तर काय, टाच उचलली तर काय. चार पानं भरली. तक्ता उत्तम होता. त्यामुळे तिला आता अर्धा सेकंद आणखी आधी समजायला लागलं, आणि नाच आणखी बिघडला.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधल्या दिवशी खेमा मॅडमनी सांगितलं की कॉलेज उघडल्यावर दुसऱ्या शनिवारी त्या सगळ्या जोड्यांचा आधी ठरवून बसवलेला नाच पाहणार. स्नेहसंमेलनात एकच जोडी नाचेल, वर्गही मग तेवढ्याच जोडीचा चालेल, बाकीच्यांसाठी तो बंद. बाकीच्यांना त्यापुढे खोली द्यायची नाही, असं प्राचार्यांनी मॅडमना सांगितलं होतं. यूसरा खाली बसून पायाच्या दुखऱ्या बोटांना बांधलेली पट्टी सोडत होती. ती वर न पाहता म्हणाली, "जमलं त ठीक, वैभवी. नाही त मी मॅडमले सांगतो का मले दुसरी पार्टनर द्या. राग नको मानू."

वैभवीने राग मानला नाही. स्टेजवर नाचायची तिला काही हौस नव्हती. तिला ती चार पावलं परत हवी होती. एकदा मिळाली होती म्हणजे ती कुठेतरी होती, आणि दुसऱ्या शनिवारी तिच्या तोंडावर दार लागलं तर ती कशी आली होती हे तिला आयुष्यात कळणार नव्हतं. एस.टी.च्या खिडकीशी बसून ती घरी आली आणि रात्री जेवताना वरणात दोनदा मीठ घालून बसली.

दिवाळी झाली. इंद्रभानचं बाकीचं वावर ट्रॅक्टरने पेरून झालं होतं. राहिला होता नाल्याकाठचा पाऊण एकराचा तुकडा, जिथे ट्रॅक्टर वळत नाही. तिथे अजून बैल आणि पेरणीची तीन फणांची तिफणच लागते. हरभरा तिफणीने पेरायचा आणि कडेच्या तासात सरत्याने करडई. शहरातल्यांसाठी सांगायला हवं, तास म्हणजे फणाने मातीत पडणारी रेघ. आणि सरता म्हणजे एक पोकळ बांबू, वर लाकडाची वाटी, खाली टोक. तो दोराने तिफणीच्या मागे बांधलेला असतो. तिफण पुढे चालते, आणि मागून एक बाई सरता उभा धरून, टोक मातीत ठेवून, मुठीतले दाणे एकेक करून वाटीत सोडत चालते. प्रयागबाई, म्हणजे वैभवीची आई, लग्न होऊन आली तेव्हापासून इंद्रभानच्या तिफणीमागे सरता धरत होती. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे हरभरा सोडायच्या वाटीवर, शेजारची एक बाई असायची. पण ती भाऊबीजेला माहेरी गेली ती चार दिवस झाले तरी परतली नव्हती, आणि तिकडे जमिनीतली ओल उडून चालली होती. तेव्हा प्रयागबाई चाड्यावर गेली आणि सरता वैभवीच्या हातात आला.

वैभवीला त्यात काही विशेष वाटलं नाही. लहानपणापासून पाहिलेलं काम. तिने ओटीत करडई घेतली, सरता धरला आणि डोळे बापाच्या पाठीवर लावले. बापाची पाठ तिला तोंडपाठ होती. इंद्रभानचा खांदा जरा ढिला पडला, म्हणजे तो आता बैलांना सावकाश करणार. वैभवी सावध झाली, अर्धं पाऊल पुढे गेली. दोर लोंबला. सरता एका बाजूला कलला, टोक मातीतून वर आलं आणि मूठभर करडई एकाच जागी सांडली.

इंद्रभान थांबला. मागे वळून पाहिलं नाही, काही बोलला नाही, नुसता थांबला. बैलांनी तेवढी मान वळवून पाहिलं.

पुन्हा सुरू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तिने दोर सैल पडू नये म्हणून मुद्दाम मागे ओढून धरला, तर सरता मातीत रुतून बसला आणि दोर ताणला जाऊन कडकन वाजला. इंद्रभानने बैल उभे केले आणि नाल्याकडे बघत राहिला. शेतातही टेबल टेनिसच्या टेबलाला धडकल्यासारखं वैभवीला झालं. तिला रडायला आलं, आणि रडायला आलं याचा रागही आला.

प्रयागबाईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "कोनाकडं पाह्यतं वं तू?"

"बाबाकडं."

"त्याईच्या पाठीवर काई लिवलं हाये काय?"

"मंग तुले कसं समजते माय, बाबा कवा थांबनार, कवा वळनार ते?"

"मले नाही समजत," प्रयागबाई म्हणाली.

बावीस वर्षं ज्या बाईच्या हातून एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही, ती बाई सांगत होती की मला समजत नाही.

"बावीस वर्सात एकडाव नाही समजलं," प्रयागबाई पुढे म्हणाली. "अन् कायले समजाले पाह्यजे? मी दोराकडं ध्यान ठेवतो. दोरानं ओढलं का जातो. ढिला झाला का थांबतो. ताटू बी द्याचा नाही, लोंबू बी द्याचा नाही, बस. त्याईच्या मनात काय हाये ते त्याईचं त्याईले."

"अन् सरता दगडात गुतला त?"

"त मी हात जड करतो. दोरातून त्याईले समजते. उभे राह्यतात. आवाज द्याचं बी काम नाही." मग तिने मुलीकडे नीट पाहिलं. "तुले घाई कायची हाये? तुले वाटते का तू थांबली त मागं राहीन. नाही राह्यत. करून पाह्य."

वैभवीने सरता पुन्हा उभा केला. या वेळी तिने बापाच्या पाठीवरून नजर काढली आणि खाली, टोकाशी, मातीकडे ठेवली. बैल निघाले. दोराने तिला एक हलका हिसका दिला आणि ती निघाली. पहिली दहा पावलं तिला अंगावर काटा आल्यासारखी गेली, कारण काही माहीत नसताना चालायची तिला सवयच नव्हती. मन सारखं पुढे धावायचं, आणि ती त्याला परत दोराशी आणायची. दाणे वाटीत पडत होते. माती ओली होती, टाचांना गार लागत होती. मग कधीतरी मनाने धावणं सोडून दिलं. केव्हा, ते तिला कळलं नाही. पायांना मध्येच नवल वाटलं, कारण जमीन चढणीला लागली होती, आणि तिने मान वर केली तर समोर बांध. अख्खं तास संपलं होतं. बैल वळले, तीही वळली, आणि वळताना दोर जेवढा हवा तेवढाच होता.

ती मोठ्याने हसली. तिला एकदम सगळं समजलं होतं. वर्गात ती चार पावलं पडली तेव्हा पुढचं काय ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती पडली. पाचव्या पावलाला तिने ओळखायला सुरुवात केली आणि डस्टर टाचेखाली आला. तीन महिने ती जे वाढवत बसली होती, नेमकं तेच आड येत होतं.

"काय झालं?" प्रयागबाईने विचारलं.

"माय, असाच एक नाच हाये. आमच्या मॅडम शिकोतात. एक जन नेते, दुसरा जाते, अन् कोनी बोलत नाही."

"मानूस अन् बाई?"

"आमच्यात पोरी-पोरी."

"गानं कोनतं असते?"

"त्यातले शब्द मले बी नाही समजत. परदेशी भाषा हाये."

प्रयागबाईने क्षणभर विचार केला. "मंग बरं हाये," ती म्हणाली. "समजले असते त लोकाईनं नावं ठेवली असती."

इंद्रभान पलीकडे बैलांना पाणी पाजत होता. त्याच्या कानावर हे गेलं की नाही, कोण जाणे. तो परत आला तेव्हा त्याने मागायच्या आधी वैभवीने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. सवय अशी एका तासात जात नसते.

कॉलेज उघडलं. पहिल्याच मंगळवारी वैभवी शेतातला दोराचा तुकडा घेऊन गेली. यूसराने तो हातात धरून पाहिला आणि फेकून दिला, कारण तो टोचत होता आणि त्याला बैलाचा वास येत होता. मग गफ्फारचाचांच्या दुकानातून सुती पट्टी आणली. कशाला पाहिजे, असं चाचांनी विचारलं तर यूसरा म्हणाली, फिजिक्सच्या प्रयोगाला. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पट्टीचं एक टोक यूसराच्या कमरेला, एक वैभवीच्या. मध्ये हातभर अंतर. यूसराने चालायचं आणि वैभवीने पट्टीकडे ध्यान ठेवायचं. हे पाहून खेमा मॅडम खुर्ची जवळ ओढून बसल्या. भागवत मात्र स्टुलावरून उठून आत आला. "हे त सरत्यावानी हाये," तो म्हणाला.

"सरताच हाये, भागवतभाऊ," वैभवी म्हणाली.

तीन-चार दिवस पट्टी बांधून, मग सोडून. पट्टी सुटली तरी वैभवी ती असल्यासारखीच चालायची. कधी जमायचं, कधी नाही. मन हट्टी असतं, मध्येच पुढे पळायचं, आणि यूसरा लगेच दाताखाली पुटपुटायची, "पोहोचली, पाह्य, पोहोचली." पण टेबलाला धडकणं थांबलं.

शनिवार आला. टेबल भिंतीला लावलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि गाणं लावायचं काम भागवतने आपणहून अंगावर घेतलं होतं. मोबाइलला स्पीकर जोडून तो मोठ्या जबाबदारीने बसला. पहिल्या दोन जोड्या चांगल्या नाचल्या. दुसरी जोडी तर फारच सफाईदार नाचली. मग मॅडमनी यूसरा आणि वैभवीची नावं घेतली.

सुरुवात ठीक झाली. भजनातल्या पेटीच्या धाकट्या बहिणीसारखं गाण्यातलं वाद्य रडत-रडत सुरू झालं, यूसराने श्वास घेतला आणि दोघी निघाल्या. मागे, मागे, बाजूला, वळण. खिडकीपर्यंत गेल्या, भिंतीकडून फिरल्या. आणि खोलीच्या मधोमध, वैभवीचा एक पाय मागे जायला उचललेला असताना, यूसरा थांबली.

तिला पुढचं आठवेना. वैभवीला ते लगेच कळलं, कारण यूसराचा तळहात एका क्षणात घामाने ओला झाला. गाणं चालू होतं. पुढे काय आहे ते वैभवीला पक्कं ठाऊक होतं, शंभरदा केलेलं होतं, मागे दोन, मग बाजूला, मग पाय पायावरून. महिन्यापूर्वीची वैभवी असती तर ती निघाली असती आणि यूसराला फरपटत घेऊन गेली असती. आताही तिचा पाय तसाच शिवशिवला. सगळी खोली पाहत होती. जोडी बाद होणार, दार बंद होणार, हे तिच्या डोक्यात ढोलासारखं वाजत होतं. आणि तरी ती एका पायावर उभी राहिली. तिने फक्त यूसराच्या खांद्यावरचा हात किंचित जड केला. मी इथे आहे, एवढंच.

एक, दोन, तीन ठोके गेले. चौथा गेला. मग यूसराच्या छातीत श्वास भरला आणि ती निघाली, पण ठरल्याप्रमाणे नाही. ती भलतीकडेच वळली, कधी न केलेल्या बाजूला, खुर्च्यांच्या कडेकडेने. वैभवीला काहीच माहीत नव्हतं. तिचा पाय गेला. दुसरा गेला. यूसराने पुन्हा दिशा बदलली, पाय गेले. ठरलेला नाच केव्हाच मागे पडला होता आणि गाणं संपेपर्यंत दोघींपैकी एकीनेही तो परत आठवला नाही. चार पावलं आली होती, आणि ती चारवर थांबली नाहीत. वैभवीला इतका आनंद झाला की गाणं संपल्यावर ती यूसराचा हात सोडायचंच विसरली.

चौथी जोडी झाल्यावर खेमा मॅडम उठल्या. "मंगळवारी यूसरा आणि वैभवी तीनला या," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना मी लेक्चरनंतर अंगणात शिकवीन. अंगणाला प्राचार्यांची परवानगी लागत नाही."

भागवत वायर गुंडाळत पुढे आला. "मधात मले वाटलं का मोबाइल बंद पडला," तो म्हणाला. "पाह्यलं त गानं चालूच. अन् तुमी दोघी उभ्या. म्या श्वास धरून ठेवला ना बाप्पा."

बाहेर पडताना यूसरा म्हणाली, "मी इसरली होती."

"माहीत हाये."

"तुले याद होतं ना पुढचं?"

"होतं."

"मंग गेली काहून नाही?"

"तू नाही गेली ना," वैभवी म्हणाली. यूसराने तिच्या पाठीत एक जोरदार धपका घातला. तो बसमध्येही दुखत होता.

वैभवी घरी पोहोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ओसरीत पाण्याचा तांब्या भरलेला होता. ती त्याच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने इंद्रभान वावरातून आला, पायरीशी वाकला, चप्पल काढली आणि सरळ होत असतानाच नेहमीसारखा हात पुढे केला.

हातात काही आलं नाही.

वैभवी बसून होती. सकाळपर्यंत हे तिच्या मनातही नव्हतं. आता मात्र तिला एकदम जाणून घ्यावंसं वाटलं की आपण थांबलो तर हा माणूस काय म्हणेल. इतक्या वर्षांत तिला ते माहीतच नव्हतं. तिचा हात आपोआप तांब्याकडे निघाला होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. नाचात थांबणं याच्यापुढे काहीच नव्हतं. इंद्रभान एकदा खाकरला. ती उठली नाही. प्रयागबाईने स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहिलं, दोघांकडे बघितलं आणि गुपचूप आत गेली.

इंद्रभान पायरीवर बसला. "बरं नाही काय वं तुले?"

"बरी हाये, बाबा."

तो पुढ्यातल्या अंगणाकडे पाहत राहिला. वैभवीने घाई केली नाही.

"करडई निंगाली," तो म्हणाला.

"हो?"

"पयल्या तासात ढिगोढीग हाये. पाखरं बी हासतीन." तो थांबला. "मंग सरळ हाये. पार बांधापर्यंत. म्या चालत जाऊन पाह्यलं."

वैभवीने मध्ये तोंड घातलं नाही, आणि बरं झालं, कारण इंद्रभानचं अजून संपलं नव्हतं. तो पायाच्या अंगठ्याने पायरीवरची माती उकरत होता.

"तुया मायले तू सांगत होती," तो म्हणाला, "तो नाच. कसा असते वं तो?"

बाप तिला कधी काही विचारत नसे, कारण विचारायला तिने त्याला जागाच ठेवली नव्हती. तिने तांब्या उचलून त्याच्या हातात दिला आणि सरकून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मले बी अजून पुरता नाही समजला, बाबा."

इंद्रभान घटाघटा पाणी प्यायला आणि त्याने मिशा पुसल्या.

"मंग जेवढा समजला तेवढा सांग," तो म्हणाला.